जपानी शब्द, इंग्रजी अर्थ, मराठी डोकं

मराठीत शब्द अडला तर तो निदान वाचता तरी येतो. अर्थ ठाऊक नसला तरी अक्षरं समोर असतात, त्यांचा क्रम शाळेत पाठ झालेला असतो. कोश उघडायचा आणि शोधायचा. जपानीत गाडी अडते ती याच्या आधीच. कांजी (चिनीतून आलेलं, अर्थ दाखवणारं अक्षर) समोर आहे, पण तिचा उच्चार काय हेच कळत नाही, आणि उच्चार कळल्याशिवाय उच्चारानुसार लावलेल्या कोशात शिरणार कुठून? शब्द शोधायचा तर तो आधी येत असायला हवा, असा हा पेच. जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाने या दारावर डोकं आपटलेलं असतं.

बरं, एका कांजीचा एकच उच्चार असता तरी निभावलं असतं. जन्म, जगणं, कच्चं असे अर्थ वागवणारी पाच रेघांची एक अगदी साधी कांजी आहे. शिकणाऱ्याला ती पहिल्या काही महिन्यांतच भेटते. ही कुठे ‘सेइ’ होते, कुठे ‘शोऽ’, कुठे ‘नामा’, कुठे ‘कि’. क्रियापदात शिरली की कधी नुसता ‘इ’, कधी ‘उ’, कधी ‘हा’. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या नित्य वापराच्या यादीत अशा २,१३६ कांजी आहेत. सगळ्या इतक्या खट्याळ नाहीत, पण बऱ्याच आहेत.

छापील कोशांनी यावर जो मार्ग काढला तो असा: कांजीचा मुख्य घटक ओळखायचा (परंपरेने असे २१४ घटक मानतात), त्याखालच्या कांजींमध्ये उरलेल्या रेघा मोजायच्या आणि तेवढ्या रेघांचा रकाना बोट फिरवत वाचायचा. अँड्र्यू नेल्सन यांचा १९६२ चा कांजीकोश कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांनी असाच झिजवला. रेघ मोजताना एक इकडची तिकडे झाली की चाललात भलत्याच पानावर. पुढे जॅक हॅल्पर्न यांनी १९९० च्या आपल्या कोशात निराळी युक्ती आणली. घटक ओळखूच नका, फक्त आकार बघा: डावी-उजवी अशी दोन भागांत फुटते, वर-खाली फुटते, की एक भाग दुसऱ्याला कवेत घेतो? मग त्या त्या भागाच्या रेघा मोजा. ज्याला कांजीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ती सापडावी, हा त्यामागचा विचार मला फार आवडतो.

संगणकाने हे सगळं सोपं केलं. आता घटकांचा तक्ता पडद्यावर येतो; ओळखू येतील ते दोन-तीन टिचकावले की बाकीच्या कांजी गळून पडतात आणि हवी ती उरते. नाहीतर बोटाने गिरवा, नाहीतर कॅमेरा धरा. कागदी कोशात शोधायचे कष्ट होते म्हणून शब्द लक्षात राहायचे, असं म्हणणारे शिक्षक अजून भेटतात. मला ते पटत नाही. रेघा मोजण्यात गेलेला वेळ रेघा मोजण्यातच गेला. शब्द लक्षात राहतो तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या वाक्यांत भेटल्यामुळे, आणि शोधणं झटपट झालं तरच माणूस इतकी वाक्यं वाचतो.

*

फुकट मिळणारे बहुतेक जपानी-इंग्रजी कोश आतून एकच आहेत, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना माहीत नसतं. जिशो हे संकेतस्थळ घ्या, फोनवरची डझनभर ॲप्स घ्या, ब्राउझरला जोडायची रिकाइचान, योमिचान, योमितान घ्या. रंगरंगोटी वेगळी, माल तोच. तो माल म्हणजे जिम ब्रीन यांनी सुरू केलेला कोश.

ब्रीन हे ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात संगणक आणि दूरसंचाराचे प्राध्यापक होते. १९९१ मध्ये एका छोट्या जपानी वर्ड प्रोसेसरबरोबर आलेली शब्दयादी त्यांनी वाढवायला घेतली. तिचं नाव ‘ईडिक्ट’. साधी मजकुराची फाइल: एका ओळीत एक शब्द, त्याचा उच्चार, पुढे तिरप्या रेघांमध्ये इंग्रजी अर्थ. कुणीही उतरवून घ्यावी, कुणीही त्यात भर घालावी. १९९८ मध्ये त्यांनी ती वेबवर शोधता येईल अशी मांडली. नंतर तिचं मोठं, नीट रचलेलं रूप आलं, ‘जेएमडिक्ट’. आज त्यात दोन लाखांच्या वर नोंदी आहेत आणि नाव नमूद केलं तर कुणालाही तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरता येतो. जपानी शिकण्यासाठी इतकी फुकट साधनं का आहेत आणि दुसऱ्या कितीतरी भाषांसाठी का नाहीत, याचं निम्मं उत्तर या परवान्यात आहे. शब्दांचा माल आयता मिळाल्यावर कुणीही हौशी प्रोग्रॅमर सुट्टीत बसून कोशाचं ॲप बनवू शकतो.

सॉफ्टवेअर मात्र येतं आणि जातं. रिकाइचान हे फायरफॉक्समधलं एकेकाळचं लाडकं एक्स्टेन्शन. २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली आणि त्याचा कारभार आटोपला. योमिचानच्या निर्मात्याने २०२३ मध्ये काम थांबवलं, तर इतरांनी ते उचलून योमितान केलं. खालचा कोश मात्र चालूच राहिला, दर वेळी थोडा अधिक भरलेला.

ज्यांना कोश म्हणजे वरून उतरलेली गोष्ट वाटते त्यांनी त्या कोशाच्या संपादनाचं दालन एकदा जरूर बघावं. नवी नोंद सुचवायची किंवा जुनी सुधारायची तर एक अर्ज भरायचा आणि पुरावा जोडायचा. ‘माझ्या जपानी मैत्रिणीने सांगितलं’ हे तिथे चालत नाही. कोणत्या छापील कोशात आहे, कुठल्या मजकुरात वापरलंय, ते द्यावं लागतं. मग संपादक तो शब्द वेबवरच्या मजकुरात किती वेळा कुठल्या रूपात लिहिला जातो याचे आकडे काढून टिप्पणीत मांडतात. कांजीत इतक्या वेळा, नुसत्या काना या उच्चार दाखवणाऱ्या लिपीत तितक्या वेळा. म्हणजे नोंदीला ‘बहुधा कानानेच लिहितात’ असा शिक्का मारा. हे सगळं उघड्यावर चालतं, जुन्या टिप्पण्यांसकट. अर्थासाठी गेलेली मी कैकदा त्या वादातच रमते. एकाने ‘जुनाट’ म्हटलेला शब्द दुसरा परवाच्या वर्तमानपत्रातून काढून दाखवतो, तिसरा म्हणतो की ते बातमीत नव्हे, कवितेच्या सदरात होतं. कोशकारांची भांडणं ही अशी असतात, आणि फार सभ्य असतात.

उदाहरणवाक्यांबाबत मात्र सावध राहावं. या कोशांतली पुष्कळशी वाक्यं येतात ती प्राध्यापक यासुहितो तानाका यांच्या संग्रहातून. त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावून जपानी-इंग्रजी वाक्यांच्या दोन लाखांवर जोड्या जमवल्या. कल्पना झकास होती, पण विद्यार्थी ते विद्यार्थीच. पाठ्यपुस्तकी वाक्यं, टंकलेखनाच्या चुका, इंग्रजीवरून ओढूनताणून केलेली जपानी वाक्यं, सगळं त्यात आलं. पुढे तो संग्रह ‘तातोएबा’ या प्रकल्पात गेला आणि तिथे माणसं अजून तो धुऊन-निवडून घेतायत. एखादं वाक्य कोशात दिसलं म्हणून ते जपानी माणसाच्या तोंडी असेलच असं नाही.

*

योमितानसारख्या सॉफ्टवेअरमधली मला सर्वात बुद्धिमान वाटणारी गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. मजकुरावर माउस न्यायचा, शिफ्ट दाबायची, आणि शब्दाशेजारी छोटी चौकट उघडते. समजा समोर ‘ताबेसासेरारेताकुनाकात्ता’ आहे. हा कोशात असण्याची शक्यताच नाही. पण चौकटीत दिसतं ‘ताबेरु’, म्हणजे खाणे, आणि खाली पायऱ्या: प्रयोजक, कर्मणी, इच्छार्थक, नकारार्थी, भूतकाळ. जबरदस्तीने खायला लावलेलं नको होतं, असा सगळा पसारा एका शब्दात. सॉफ्टवेअर शब्दाच्या शेपटाकडून एकेक प्रत्यय सोलत येतं, दर टप्प्यावर उरलेलं रूप कोशात आहे का पाहतं, आणि सापडलं की दाखवतं. नियमांचा एक तक्ता, बस.

हे पाहिलं की मला मराठीचा हेवा नाही, कळवळा येतो. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे. १८३१ साली पहिल्यांदा निघाला, १८५७ ची दुसरी आवृत्ती आजही वापरात आहे. दाते मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कृपेने वेबवर शोधता येतात. पण मराठी शिकणाऱ्या एखाद्या जपानी मुलीला वाक्यात ‘घोड्यावरून’ भेटलं तर ‘घोडा’पर्यंत तिने स्वतःच चालत जायचं. सामान्यरूप ओळखायचं, प्रत्यय सोडवायचा, शब्दयोगी अव्यय वेगळं करायचं. ‘देवळासमोरच्याला’ भेटलं तर विचारूच नका. मराठी आणि जपानी दोघीही शब्दाच्या मागे डबे जोडत जाणाऱ्या भाषा. एकीच्या डब्यांची कडी सोडवणारं साधन घरोघरी आहे, दुसरीचं अजून व्हायचंय.

जपानीला आणखी एक दुखणं आहे, शब्दांमध्ये जागा नसण्याचं. ‘कोकोदेवाकिमोनोओनुइदेकुदासाइ’ हे वाक्य काना लिपीत लिहिलं तर दोन प्रकारे तोडता येतं. एका प्रकारे ‘इथे चपला काढा’, दुसऱ्या प्रकारे ‘इथे किमोनो काढा’. (लिहिताना मधला ‘वा’ हा ‘हा’ या अक्षराने लिहितात, म्हणून ‘हाकिमोनो’ म्हणजे पादत्राण की ‘किमोनो’ हा घोळ.) मजकूर कुठे तोडायचा हे ठरवणारी खास सॉफ्टवेअर्स आहेत, त्यांतलं ‘मेकाब’ सर्वांत प्रसिद्ध. ते करणाऱ्या ताकु कुदो यांनी आपल्या आवडत्या समुद्री शेवाळाचं नाव त्याला दिलं. त्याच्या परीक्षेसाठी लोक ‘सुमोमो मो मोमो मो मोमो नो उचि’ हे वाक्य घालतात. आलुबुखारही पीचच आणि पीचही पीचच, एवढाच अर्थ, पण सलग लिहिल्यावर नुसते ‘मो’च ‘मो’.

*

कोशाच्या क्रमाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती थेट आपल्या घरची आहे.

जपानी कोशाचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मराठी माणसाने हा एकदा ओठांत म्हणून पाहावा. स्वर आधी. मग कंठातला ‘का’. मग दात-जिभेचे ‘सा’, ‘ता’, ‘ना’. मग ओठांचा ‘मा’. शेवटी य, र, व. ही आपली वर्णमाला आहे, जपानीत नसलेले वर्ण गाळून. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकली; कूकाइ हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तो सिद्धम्‌ची विद्या घेऊन. त्या अभ्यासातूनच पुढे जपानी ध्वनी या क्रमाने मांडले गेले. इंग्रजी किंवा चिनी वळणाच्या विद्यार्थ्याला हा क्रम घोकावा लागतो. आपल्याला फक्त दोन खटकतात: च-वर्गाच्या जागी ‘सा’ कसा आणि प-वर्गाच्या जागी ‘हा’ कसा?

‘सा’ची समजूत मराठीच घालते. प्राचीन जपानीत ‘सा’ हा ‘त्सा’च्या जवळचा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि ‘चमचा’तला आपला च हाच तर ‘त्स’. हिंदी भाषकाला ‘त्सुनामी’ म्हणताना अडखळताना पाहिलंय. ‘चूल’ म्हणणाऱ्याला ते शिकवावंच लागत नाही.

आणि ‘हा’ हा पूर्वी ‘पा’ होता. मधल्या काळात ‘फा’ झाला आणि मग ‘हा’. त्या मधल्या काळाचा सज्जड पुरावा एका कोशातच आहे. जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी १६०३ मध्ये नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश छापला, पुढच्या वर्षी पुरवणी. सगळ्या मिळून ३२ हजारांहून जास्त नोंदी. त्यात आजचा ‘हाना’ म्हणजे फूल हा ‘फाना’ असा आहे, ‘हितो’ म्हणजे माणूस ‘फितो’ असा. ज्या परंपरेतून तो निघाला त्या छपाईचं यंत्र १५९० मध्ये युरोपातून जपानला पोहोचलं. रोमला जाऊन परतणाऱ्या चार जपानी तरुणांच्या ताफ्याबरोबर ते आलं, आणि तो ताफा वाटेत गोव्यात मुक्कामाला होता. त्यांच्यातल्या हारा मार्तिन्यो याचं लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. परदेशी माणसाने जपानी शब्द ऐकून लिहून काढायचे, ही कोशपरंपरा गोव्यावरून गेली आहे, हे पणजीच्या वाचकांना सांगायला मला विशेष आनंद होतो.

*

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते.

मी कारखान्यांसाठी भाषांतर करते. चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात जपानी कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे आपले उद्योजक भरपूर. कागद जपानीतून येतो. बहुतेकदा तो इंग्रजीत करायचा असतो, पण कामाच्या सूचना, सुरक्षेचे फलक, दोषांचे अहवाल हे लाइनवरच्या माणसांसाठी मराठीत लागतात. आणि जपानी-मराठी असा चालता-बोलता डिजिटल कोश हाताशी नाही. जेएमडिक्टमध्ये इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, स्पॅनिश, हंगेरियन अर्थही आहेत, मराठी नाही. म्हणजे पुण्यात बसून जपानी वाचणारी मी दर शब्दाला मेलबर्नला जाऊन येते.

कधी हा वळसा निव्वळ हास्यास्पद असतो. ‘जिगु’ हा शब्द दोन कांजींनी लिहितात. पहिली राज्य करणे, रोग बरा करणे अशा अर्थाची, दुसरी साधन या अर्थाची. नवशिका भाषांतरकार बसतो ‘उपचार-साधन’ काय असेल याचा विचार करत. कोश उघडला की कळतं, हा इंग्रजी ‘जिग’च आहे, म्हणजे काम करताना सुटा भाग नीट धरून ठेवणारं साधन; उच्चार जुळवायला कांजी नुसत्या चिकटवल्या आहेत. आणि भोसरीतल्या कुठल्याही फिटरला विचारा, तो जिगला जिगच म्हणतो. तिन्ही भाषा एकाच शब्दावर बसलेल्या, अडाणी फक्त मधला भाषांतरकार.

पण कधी वळशात माल सांडतो. जपानी कारखान्यात ‘हियारी-हात्तो’चे अहवाल भरायची पद्धत आहे. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, असा प्रसंग कामगाराने लिहून द्यायचा. कोश इंग्रजीत सांगतो ‘निअर मिस’, आणि तेच मराठी फलकावर देवनागरीत उतरतं. फॉर्म कोरे परत येतात, कारण निअर मिस म्हणजे काय आणि तो झाला की नाही हे ठरवायचं कुणी? जपानी शब्द मात्र घटनेचं नावच घेत नाही. ‘हियारी’ म्हणजे अंगातून गार लहर जाणं, ‘हात्तो’ म्हणजे एकदम दचकणं. शब्द माणसाच्या छातीत काय झालं ते सांगतो. यासाठी मराठीत ‘धस्स झालं’ तयार आहे. ‘काम करताना कधी काळजात धस्स झालं?’ असा प्रश्न छापला की माणूस सांगायला लागतो: पाना निसटला, क्रेनचा हूक डोक्यावरून गेला. इंग्रजीतून येताना ‘धस्स’ सुचत नाही, कारण इंग्रजी शब्दात छातीच नाही.

ध्वन्यनुकारी शब्दांत हे सारखं होतं. जपानी पाऊस ‘शितो-शितो’ पडतो, ‘झाऽझाऽ’ पडतो, ‘पोत्सु-पोत्सु’ थेंब येतात. इंग्रजी अर्थ दोन-दोन शब्दांची कसरत करतो: शांतपणे, सतत, जोराने, आवाज करत. रिमझिम, धो धो आणि टपटप असलेल्या घरात ही कसरत कशाला? नात्यांचंही तेच. थोरला भाऊ वेगळा शब्द, धाकटा वेगळा. स्वतःच्या थोरल्या भावाविषयी बाहेर बोलताना ‘आनि’, हाक मारताना ‘ओनीसान’. इंग्रजी कोशात ‘ओल्डर ब्रदर’ वाचून आपल्यातलेच विद्यार्थी तो ‘मोठा भाऊ’ करतात आणि संवादात मुलगी भावाला हाक मारते ‘मोठ्या भावा’! दादा म्हणा ना.

उलट बाजूने मराठी काही गोष्टी मागते ज्या ना जपानी देते ना इंग्रजी. जपानी क्रियापदाला लिंग नाही, बहुधा कर्ताही नसतो. ‘इत्ता’ एवढंच: गेला, गेली, गेले, गेलो. दोषाच्या अहवालात ‘ऑपरेटर जागेवरून गेला’ लिहायचं तर तो पुरुष होता हे मला कुणी सांगितलं? इथे कोश कामाचा नाही, व्याकरण कामाला येतं. ‘ऑपरेटरने यंत्र थांबवलं’ म्हटलं की क्रियापद यंत्राच्या मागे जातं आणि ऑपरेटर बाई की बुवा हा प्रश्नच उरत नाही. कर्मणी प्रयोगाचा इतका व्यावहारिक फायदा मला शाळेत कुणी सांगितला नव्हता.

*

इंग्रजीचा वळसा टाळायचा एक रस्ता आहे, आणि विद्यार्थ्यांना मी तो जितक्या लवकर सांगता येईल तितक्या लवकर सांगते: कोकुगो जितेन, म्हणजे जपानीतून जपानी अर्थ देणारा कोश. पूर्वी हे धाडस वाटायचं. अर्थ वाचायचा तर अर्थातले पाच शब्द अडायचे, त्यांच्या अर्थातले आणखी पाच. आता अर्थातल्या शब्दावरच बोट ठेवलं की पुढची चौकट उघडते. ॲपलच्या फोनमध्ये आणि मॅकमध्ये ‘दाइजिरिन’ हा मोठा कोकुगो जितेन आतच असतो. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा, एवढंच. कितीतरी लोक वर्षानुवर्षं तो फोन वापरतात आणि त्यांना हे ठाऊक नसतं.

या सोयीची सवय एका वेगळ्या यंत्राने लावली. कॅसिओ, कॅनन, शार्प, सेइको यांनी केलेले खिशात मावणारे इलेक्ट्रॉनिक कोश, ‘देन्शि जिशो’. एका डबीत अनेक कोश आणि एका कोशातल्या शब्दावरून दुसऱ्या कोशात उडी मारायचं खास बटण. पुण्यात जपानी शिकणारे जपानहून येणाऱ्या कुणालाही गाठून ती डबी मागवायचे. स्मार्टफोन आले आणि बाजार आटला. सेइकोने २०१५ मध्ये हा धंदाच सोडला. कीबोर्ड टकटक वाजायचे ते मात्र छान वाटायचं, एवढं कबूल करते.

कोकुगो जितेनचा खरा लाभ असा की तिथे शब्दाला प्रतिशब्द मिळत नाही, वर्णन मिळतं. ‘आसोबि’ म्हणजे खेळ. स्टिअरिंगच्या संदर्भात आला तर इंग्रजी कोश म्हणतो ‘प्ले’, आणि गॅरेजमध्येही आपण ‘प्ले आहे’ म्हणतो, म्हणून प्रश्न मिटला असं वाटतं. जपानी वर्णनात मात्र मुद्दा निघतो की ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. झिजून आलेला ढिलेपणा असेल तर त्याला ‘गाता’ म्हणतात. एक हवा, दुसरा दोष. आपल्याकडे दोन्ही ‘प्ले’! अहवालात ‘प्ले आढळला’ लिहिलं तर पलीकडचा इंजिनिअर विचारणारच, मग बिघडलं काय?

वर्णनं करणाऱ्यांची करामत बघायची तर ‘उजवा’ हा शब्द काढावा. ‘कोजिएन’ हा मोठा कोकुगो जितेन म्हणतो, दक्षिणेकडे तोंड केल्यावर जी बाजू पश्चिमेला येते ती. इवानामी या प्रकाशनाच्या छोट्या कोशाने आणखी झकास केलं आहे: हा कोश उघडून वाचताना सम क्रमांकाचं पान ज्या बाजूला असतं ती बाजू. जपानी पुस्तक उलट बाजूने उघडतं, म्हणून सम पान उजवीकडे. अगदी निर्दोष व्याख्या, फक्त कोश फोनमध्ये गेला की पानंच राहत नाहीत आणि उजवी बाजू हरवते.

यंत्रभाषांतराबद्दल लोक हमखास विचारतात. २०१६ पासून ते खरोखर सुधारलं आणि पानभर मजकुराचा गोषवारा काढायला मीही ते वापरते. पण ते अडत नाही, हीच त्याची अडचण. कर्ता नसेल तिथे बिनदिक्कत ‘तो’ बसवतं, ‘गाता’ आणि ‘आसोबि’ दोघांना एकाच गोणीत घालतं, आणि वाक्य इतकं गुळगुळीत होतं की शंकेला जागा राहत नाही. कोश निदान दहा अर्थ समोर ठेवून गप्प बसतो. निवड आपल्यावर सोडतो.

*

योमितानमध्ये आपला स्वतःचा कोश घालता येतो, हे पुष्कळांना माहीत नाही. ठराविक साच्यातल्या दोन-तीन मजकूर-फाइली, त्यांची झिप, झालं. जपानी शब्द, उच्चार, अर्थ. अर्थ कुठल्या लिपीत असावा याची त्याला पर्वा नसते. मी आणि दोघीतिघी मैत्रिणींनी मिळून अशी एक जपानी-मराठी फाइल सुरू केली आहे, बहुतेक कारखानी शब्दांची. त्यामुळे आता एखाद्या सूचनापत्रावर माउस नेला की इंग्रजी चौकटीच्या वर आमची मराठी ओळ येते. ‘हियारी-हात्तो’ तिथे ‘धस्स’ म्हणूनच आहे. ‘बुदोमारि’ला (घातलेल्या मालातून चांगला माल किती निघाला ते) ‘यील्ड’च ठेवलाय, कारण कारखान्यात दुसरं कुणी काही म्हणत नाही आणि ‘उत्पादन-निष्पत्ती’ लिहिण्यात अर्थ नाही. ‘बाका-आना’ म्हणजे बोल्ट सहज आरपार जावा म्हणून मुद्दाम मोठं पाडलेलं भोक. शब्दशः ‘मूर्ख भोक’. एक म्हणते तसंच ठेवू, लोकांना पटकन आठवेल. दुसरी म्हणते ग्राहकाच्या कागदावर मूर्ख कसं लिहायचं. सध्या तिथे ‘ढिलं भोक’ आहे. ‘गाता’वर मात्र एकमत होत नाहीये. ‘ढिलेपणा’ म्हणावं तर बोल्टही ढिला असतो, ‘खडखड’ म्हणावं तर आवाज न करताही गाता असू शकतो. लेथवरच्या एका जुन्या कारागिराला विचारलं, तर त्याने जॉब हातात धरून हलवून दाखवला आणि म्हणाला, “लचकतंय की हे.” तो शब्द आम्ही प्रश्नचिन्हासकट फाइलमध्ये घातला आहे.